परत येणे म्हणजे नेमके काय?

आज आपण एक साधा वाटणारा प्रश्न घेऊ. मूल परदेशात वाढलं आणि मग आपल्या देशातल्या विद्यापीठात शिकायला आलं, तर ते 'परत' आलं असं म्हणायचं का? जपान या प्रश्नाशी जवळजवळ दीडशे वर्षं झगडतो आहे, म्हणून तिथलाच इतिहास पाहू.

१८७१ च्या डिसेंबरात इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर पाच मुली अमेरिकेला निघाल्या. सर्वांत धाकटी त्सुदा उमेको, वय अवघं सहा. १८८२ मध्ये ती परतली तेव्हा मातृभाषा जवळपास विसरली होती. सरकारी खर्चाने शिकून आलेल्या या मुलीला आपल्या देशातल्या विद्यापीठात जागा नव्हती, कारण तिथे स्त्रियांना प्रवेशच नव्हता. ती पुन्हा अमेरिकेत जाऊन शिकून आली आणि १९०० साली टोकियोत तिने मुलींसाठी स्वतःची संस्था काढली. आजचं त्सुदा विद्यापीठ ते हेच. दार उघडं नव्हतं, तेव्हा तिने घरच नवं बांधलं!

आता शंभर वर्षं पुढे येऊ. १९६० नंतर जपानी कंपन्यांची माणसं कुटुंबासह न्यूयॉर्क, ड्युसेलडॉर्फ अशा शहरांत राहू लागली. त्यांची मुलं परतली की त्यांना 'किकोकुशिजो', म्हणजे मायदेशी परतलेली मुलं, म्हणत. अडचण अशी की तिथली विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा अतिशय कठीण. जपानचा इतिहास, जुनी जपानी भाषा, सगळं हवं. बाहेर शिकलेल्या मुलाने ते कुठून आणायचं? शिवाय जपानी वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि बाहेरच्या शाळा जूनच्या आसपास संपतात.

शाळांमधून त्या काळी एक शब्द चालायचा, 'गाइकोकु हागाशी'. म्हणजे अंगावरचा परदेश सोलून काढणे. दुसरा शब्द 'सोमेनाओशी', कापड पुन्हा रंगवणे. बघा, मुलाकडे माणूस म्हणून नव्हे, तर रंग बिघडलेलं कापड म्हणून पाहिलं जात होतं.

मग वारं फिरलं. काही विद्यापीठांनी अशा मुलांसाठी वेगळी निवडपद्धत ठेवली. मिताका इथल्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती विद्यापीठात, जे १९५३ मध्ये सुरू झालं, सप्टेंबरमध्येही प्रवेश मिळतो. ज्यांचं जपानी कच्चं, त्यांना जपानी शिकवतात, ज्यांचं इंग्रजी कच्चं, त्यांना इंग्रजी. कोणालाच पूर्ण मानत नाहीत, म्हणून कोणी अपुरं ठरत नाही. आम्हाला ही व्यवस्था फार शहाणी वाटते.

पण इथेच थांबलो तर इतिहास अर्धाच सांगितला असं होईल. १९९० मध्ये कायदा बदलला आणि ब्राझीलमधले जपानी वंशाचे लोक कारखान्यांत कामाला येऊ लागले. त्यांची मुलंही बाहेर वाढलेली, आजोबा-पणजोबा जपानी. पण ती 'परतलेली' ठरली नाहीत, परदेशी ठरली. परदेशी नागरिकांच्या मुलांना सक्तीचं शिक्षणही लागू नाही, मग विद्यापीठ तर दूरच. अधिकाऱ्याचं मूल परततं आणि मजुराचं मूल येतं! दोघांचा प्रवास एकाच दिशेचा, नावं मात्र वेगळी. वेगळ्या निवडपद्धतीसाठी आवाज उठवायला मुत्सद्दी आणि कंपन्यांचे अधिकारी होते. मजुरांच्या मागे कोण होतं?

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं 'स्व' या शब्दावर आयुष्यभर बोलतो. पण स्वदेश कोणाचा, हे मोठ्या सिद्धान्तांपेक्षा प्रवेशअर्जातल्या एका रकान्याने जास्त ठरतं.

आणि हे फक्त जपानचं नाही, बरं का. न्यू जर्सीतली नातवंडं सुट्टीत पुण्याला आली की आपण पहिल्यांदा त्यांचा 'ळ' सुधारतो. त्यांनी काय पाहिलं, हे विचारायला मात्र विसरतो. सोलून काढणं आपल्यालाही येतं. यंदा निदान आधी विचारून बघू.