मुलांच्या माहितीमाला आणि सुरतेचे पान



गोडादऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात बाकाशेजारी मुलांच्या पुस्तकांची एक फळी आहे. नंबर लागेपर्यंत पोरे वाचत बसतात. मागच्या पावसाळ्यात सातवीतला एक मुलगा दोन पुस्तिका हातात घेऊन आत आला. त्याचे आजोबा धुळ्याकडून लूमवर कामाला आलेले. ताप बाजूला ठेवून त्याने विचारले, "डॉक्टरकाका, वीरजी व्होरा तुमच्यातलेच ना? या पुस्तकात महाराजांनी त्यांचं घर लुटलं असं आहे. त्या पुस्तकात तर ते नाहीतच. खरं कोणतं?"

दोन्ही पुस्तिका नावाजलेल्या मालांमधल्या होत्या. एकीत सुरतेची मोहीम एका ओळीत आटोपलेली, दुसरीत जळती घरे आणि पळणारी माणसे एवढेच. दोन्ही मीच विकत घेतल्या होत्या, मुखपृष्ठ आणि किंमत पाहून. औषध देताना मी रोग्याला तासभर प्रश्न विचारतो. पुस्तक घेताना मात्र एकही विचारला नव्हता. म्हणून आजचा विषय.

मुलांना गोष्टींबरोबर माहितीही क्रमाने द्यावी, हा विचार मराठीत जुना आहे. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक सुरू केले आणि १९१४ पर्यंत चालवले. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय विषय हा सगळा मजकूर बहुतेक एकहाती. चारशे अंकांत चारशे चरित्रे! भाषा एकसारखी आणि मुलांशी बोलणारी, हा त्याचा मोठा गुण. पण एका माणसाला जेवढे ठाऊक तेवढेच मुलांना मिळणार, ही मर्यादाही त्यातच होती. १९०६ साली वासुदेव गोविंद आपट्यांनी 'आनंद' काढला. त्याच सुमारास, १९०८ पासून, इंग्लंडात आर्थर मी यांचा मुलांचा ज्ञानकोश पंधरवड्याच्या भागांनी निघू लागला. आपल्याकडे १९७१ साली बालभारतीने 'किशोर' सुरू केले.

गुजरात-महाराष्ट्राचा एक दुवा इथे सांगितलाच पाहिजे. ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गेल्या आणि गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. पुढे १९४५ साली बोर्डीला त्यांनी ते मराठी मातीत रुजवले. मुलाच्या प्रश्नापासून सुरुवात करायची, ही त्यांची रीत.

आजच्या माला अनेक लेखकांच्या असतात. म्हणून माळ चांगली की वाईट, असा सरसकट निवाडा करता येत नाही. मणी एकेक तपासावा लागतो. तो कसा, हे सुरतेच्या पानावरूनच पाहू.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले. त्याआधी शास्ताखान तीन वर्षे पुण्यात तळ देऊन बसला होता, मुलूख उजाड झाला होता, खजिना आटला होता. सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर. सुरतेचा अंमलदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले. चार दिवस लूट आणि जाळपोळ चालली. वीरजी व्होरा, हाजी झाहिद बेग यांच्या हवेल्या लुटल्या गेल्या. इंग्रजांनी जॉर्ज ऑक्सिंडनच्या हाताखाली आपली कोठी राखली. फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो की, कॅप्युचिन पाद्री फादर आंब्रोज यांच्या वास्तूला आणि डचांच्या एका दिवंगत दानशूर दलालाच्या घराला धक्का लागला नाही. ऑक्टोबर १६७० मध्ये शहर पुन्हा लुटले गेले.

आता दोन्ही पुस्तिका यापुढे ठेवा. पहिलीत व्यापारी नाहीत, दुसरीत शास्ताखान नाही. दोन्हींत छापलेला शब्द कदाचित खोटा नसेल, पण वगळलेल्यामुळे मुलाच्या मनात खोटे चित्र उभे राहते. पहिली कसोटी हीच: कारण आणि झळ, दोन्ही पानावर आहेत का?

दुसरी कसोटी: हे कशावरून कळले, ते सांगितले आहे का? इंग्रज कोठीच्या नोंदी इंग्रजांच्या सोयीच्या असणार, एवढे बारा वर्षांच्या मुलाला सहज समजते. याच सुरतेत १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी मानवधर्म सभा स्थापली. दुर्गाराम मंत्रतंत्रवाल्यांना जाहीरपणे पुरावा मागत. पुरावा मागणे हा आपल्या गावचाच वारसा आहे.

तिसरी: आवृत्ती कधी सुधारली? ग्रहमालेत प्लूटो नववा ग्रह असेल, तर मजकूर २००६ पूर्वीचा. बोर्डी ठाणे जिल्ह्यात असेल, तर २०१४ पूर्वीचा. पुनर्मुद्रणाचे साल नवे असले म्हणून मजकूर नवा होत नाही.

चौथी: भाषांतर. गुजराती नाव इंग्रजीतून मराठीत येताना मोडते. आपल्या घरात अहिराणी, शाळेत मराठी किंवा गुजराती, बाजारात हिंदी. अशा मुलासमोर अवघड वाक्य ठेवले, तर दोष मुलाच्या माथी येतो.

पाचवी, साधीच: शेवटी सूची आहे का, आणि चित्राखाली ते कशाचे आहे हे लिहिले आहे का?

हे सगळे एकट्या डॉक्टरने करायचे काम नव्हे. ज्याने लूमवर आयुष्य काढले त्याने कापडाची पुस्तिका वाचावी. जो खानदेशातली शेती सोडून आला त्याने कपाशीची वाचावी. आपल्याला पक्के ठाऊक असलेले एक पान चुकले, तर उरलेल्या पानांकडे सावधपणे पाहावे. चूक दिसली तर चिठ्ठीवर लिहून पुस्तकातच ठेवावी. पुढच्या मुलाला ती चिठ्ठीही वाचायला मिळेल.

त्या मुलाला मी म्हणालो, "वीरजी व्होरा आमच्यातले, आणि महाराज आपल्या सगळ्यांचे. त्या चार दिवसांत शहराचं नुकसान झालं हे खरं, आणि मोगलांनी आधी महाराजांचा मुलूख उजाड केला हेही खरं." त्याने विचारले, "मग दोन्ही एका पुस्तकात का नाही?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पुस्तिका मी फळीवरून काढल्या नाहीत. दोन्ही शेजारी ठेवल्या आहेत, आणि मधोमध त्या मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी आहे.