चेंडू आणि डोह

राजमाचीच्या पायथ्याशीं, कर्जत तालुक्यांतील कोंडाणे गांवाजवळ जीं बौद्ध लेणीं आहेत, तीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं आहेत. तेथील एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपींत लहानसा लेख आहे : कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें. कण्ह म्हणजे कृष्ण. हें नांव वाचतांच मराठी मनाला गोकुळांतला कान्हा आणि यमुनेंत पडलेला त्याचा चेंडू आठवावा, हें स्वाभाविक आहे. परंतु ज्या भिक्षूंसाठीं हे विहार कोरले गेले, त्यांना खेळाची मनाई होती. दीघनिकायांतील ब्रह्मजालसुत्तांत वर्ज्य खेळांची यादीच दिली आहे. तींतील ‘घटिका’ म्हणजे लांब दांडक्यानें आखूड दांडकें मारण्याचा खेळ, असा अर्थ टीकाकार करतात. आमचा विटीदांडू तो हाच! सुत्तकारांनीं या खेळांना प्रमादाचें स्थान म्हटलें आहे.

संन्याशाला भय होतें तें चित्त ढळण्याचें. गृहस्थाचें भय निराळें. चेंडू कोठें गेला, आणि त्याच्यामागून मूल कोठें गेलें, ही त्याची चिंता. आमच्या जुन्या कथा या दुसऱ्या भयांतून जन्मल्या आहेत.

महाभारताच्या आदिपर्वांत कुरुकुमारांची ‘वीटा’ कोरड्या विहिरींत पडते. कुमार तोंडें पाहत उभे राहतात, आणि एक कृश, दरिद्री ब्राह्मण गवताच्या काड्या एकींत एक रोवून ती वर काढतो. तोच द्रोण. पुष्कळ भाषांतरकारांनीं या वीटेचा चेंडू केला. पण सतराव्या शतकांतील टीकाकार नीलकंठ चतुर्धर तिला जवाच्या आकाराचें लांकूड म्हणतात. मुलें तें दांडक्यानें उडवितात, असेंही ते सांगतात. नीलकंठ मूळचे गोदाकांठच्या कोपरगांवचे. त्यांनीं लहानपणीं काय पाहिलें असेल, हें निराळें सांगावयास नको.

कालियामर्दनाची गोष्ट याहून विचारणीय आहे. भागवताच्या दशमस्कंधांत कृष्ण कदंबावरून डोहांत उडी घेतो, ती विषारी झालेलें पाणी शुद्ध करण्यासाठीं. तेथें चेंडूचा उल्लेख नाहीं. चेंडू पुढें लोकांनीं घातला. कां घातला? आमच्या मतें, घरांतल्या मुलांना ओळखणाऱ्यांनीं तो घातला. अवतारी पुरुष लोककल्याणासाठीं डोहांत उतरेल. पोर मात्र उतरेल तें चेंडूसाठींच, हें प्रत्येक आईला ठाऊक होतें.

कथेंतला चेंडू परत येतो. इतिहासांतला प्रत्येक खेळाडू परत येत नाहीं. दिल्लीचा सुलतान कुत्बुद्दीन ऐबक १२१० सालीं लाहोरास चौगान खेळतांना घोड्यावरून पडून मेला. तरीही चौगान थांबलें नाहीं. अकबर तर रात्रीं खेळतां यावें म्हणून पळसाच्या लांकडाचे पेटते चेंडू वापरी, असें अबुल फजल आइन-ई-अकबरींत सांगतो. पळसाचें लांकूड सावकाश जळतें. कर्जतजवळच्या पळसदरीच्या नांवांत जो पळस आहे, तोच हा.

स्कॉटलंडचा राजा पहिला जेम्स याची हकीकत याच्या नेमकी उलट आहे. त्याचे चेंडू वारंवार एका मोरींत जात, म्हणून त्यानें ती बुजवून टाकली. थोड्याच दिवसांनीं, १४३७ च्या फेब्रुवारींत, मारेकरी आले. राजा लपण्यासाठीं त्याच मोरींत उतरला. पण पलीकडची वाट बंद होती. चेंडू वांचविण्यासाठीं बुजविलेल्या वाटेनें राजाचा जीव घेतला, असें जुना वृत्तान्त सांगतो.

आतां आपल्या काळाकडे येऊं. १९६२ च्या मार्चांत, बार्बाडोस येथें, चार्ली ग्रिफिथच्या चेंडूनें भारतीय कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली. शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. त्या वेळीं ज्यांनीं रक्त दिलें, त्यांत पुण्याचे चंदू बोर्डे आणि नाशिकचे बापू नाडकर्णी होते. आणि प्रतिपक्षाचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. कॉन्ट्रॅक्टर जगले. कसोटी सामना ते पुन्हां खेळले नाहींत. पण प्रथम श्रेणीच्या सामन्यांत मात्र पुन्हां बॅट घेऊन उभे राहिले.

खेळांत धोका आहे, हें आमचे पूर्वज विसरले नव्हते. विहीर, डोह, विषारी नाग हीं सारीं त्यांच्या कथांत आहेत. तरी गृहस्थांच्या या कथांत विहीर बुजवा किंवा चेंडू जाळा, असें कोणी म्हणत नाहीं. ज्यानें खोल उतरून किंवा हात लांबवून हरवलेलें वर आणलें, त्याचें नांव त्या राखतात. वॉरेलचें नांव आम्ही त्याच यादींत घालूं. हल्लीं अंगण आंखूड झालें, रस्ता दारापर्यंत आला, आणि मुलांचा खेळ बंद करणें हाच सोपा उपाय घरोघर सुचतो. भिक्षूला तो नियम शोभत होता. दहा वर्षांच्या मुलाला तो शोभत नाहीं. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण घालावें, विहिरीला कठडा बांधावा, आणि चेंडू हरवला तर काढून द्यावयास कोणी वडीलधारें जवळ असावें.