लॅपटॉपचा 'वेग' नेमका कुठला?

प्रबंधाच्या 'प्रयोगाची मांडणी' या भागात तुम्ही लिहिता, 'प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झ', आणि पुढे जाता. पण तुमचा प्रोग्राम चालू होता तेव्हा तो खरंच २.४ वर होता का? परीक्षकांनी विचारलं तर काय सांगाल? या प्रश्नामागे तीसेक वर्षांचा इतिहास आहे.

१९९४ मध्ये झेरॉक्स पार्कच्या मार्क वायझर, ब्रेंट वेल्च, ॲलन डेमर्स आणि स्कॉट शेंकर यांनी एक शोधनिबंध मांडला. प्रश्न असा की काम भराभर उरकून प्रोसेसरने रिकामं बसावं, की वेळेत संपेल इतपत हळू चालावं? त्यांचं उत्तर होतं, हळू चालावं. मात्र वेगाबरोबर व्होल्टेजही उतरायला हवं. का, ते बघा. लागणारी वीज साधारण वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात बदलते. नुसता वेग निम्मा केला तर वीज निम्मी लागते खरी, पण कामाला वेळ दुप्पट लागतो. म्हणजे तेवढ्याच कामासाठी बॅटरीतून ऊर्जा तेवढीच जाते! फायदा आहे तो त्या वर्गात.

जानेवारी २००० मध्ये इंटेलने लॅपटॉपच्या पेंटियम थ्रीसाठी स्पीडस्टेप आणलं. ६५० मेगाहर्ट्झची चिप चार्जरवर १.६ व्होल्टला चालायची, बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टला. आकडेमोड करून बघा: वेग २३ टक्क्यांनी कमी, वीज सुमारे ४५ टक्क्यांनी. पण तिथे मुख्यतः चार्जर लावलाय की नाही एवढंच बघितलं जायचं. त्याच महिन्यात आलेल्या ट्रान्समेटाच्या क्रूसोमधलं लाँगरन कामाचा भार बघून वेग बदलायचं. माझ्या मते खरी कल्पना ती. कंपनी टिकली नाही, कल्पना टिकली.

मग ठरवायचं कोणी? १९९२ च्या एपीएममध्ये बरंचसं बायोसच्या हातात होतं. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांच्या एसीपीआयने ते ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिलं. लिनक्समध्ये हे ठरवणाऱ्या भागाला 'गव्हर्नर' म्हणतात. २००४ मधला 'ऑनडिमांड' भार वाढला की थेट वरच्या वेगाला उडी मारायचा. २००८ मध्ये नेहेलेमबरोबर टर्बो बूस्ट आलं आणि छापील वेग ही कमाल मर्यादाही राहिली नाही.

आता तुमच्या तक्त्याकडे या. 'अ' पद्धत आधी चालवली, लॅपटॉप थंड होता, टर्बो मिळाला. 'ब' नंतर चालवली, तोवर चिप तापली, वेग उतरला. तुम्ही लिहिणार 'अ' सरस! म्हणून चार्जर लावा, टर्बो बंद करा, गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर ठेवा, अ आणि ब आलटून पालटून चालवा, आणि प्रत्येक वेळी वेगाची नोंद ठेवा. सेटिंगच्या नावावर मात्र जाऊ नका. इंटेलच्या नव्या चिप्सवर लिनक्समधलं 'पॉवरसेव्ह' बऱ्याचदा प्रोसेसरला कमीत कमी वेगाला बांधून ठेवत नाही, भार आला की वर जाऊ देतं.