हळदीकुंकवाचे आमंत्रण

घर नीटनेटके राखावे, आल्यागेल्याचे अगत्य करावे, सणवार हौसेने साजरे करावेत, ही बायकांची नित्याची कामे. त्यांचा इतिहास तो काय लिहायचा, असे पुष्कळांना वाटते. परंतु आमच्या नाशकात एका साध्या घरगुती समारंभाचा मागोवा घेऊ लागले, की निराळेच काही हाती लागते. माजघरातल्या ज्या शिष्टाचाराने स्त्रियांना सभेपर्यंत नेले, त्याच शिष्टाचाराने कित्येकींना घरच्या घरी परके केले. तो समारंभ म्हणजे हळदीकुंकू.

चैत्रात गौर बसली की आंब्याची डाळ, पन्हे आणि ओटीत भिजवलेले हरभरे; पौषात संक्रांत आली की रथसप्तमीपर्यंत तिळगूळ आणि वाण. हाताच्या पाठीवर अत्तराचे बोट, अंगावर गुलाबपाण्याचा शिडकावा. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नाशिकची ख्याती जुनी; करंडा, तबक, अत्तरदाणी चिंचेने घासून लखलखीत केल्यावाचून बैठक सजत नसे. या सगळ्यात कारागिरी किती! संक्रांतीचा हलवाच पाहा. शेगडीवर मंद आच ठेवायची, परातीत तीळ किंवा खसखस घ्यायची, वरून थेंब थेंब साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवीत राहायचे. हे काम दिवसचे दिवस चालते. थंडी चांगली असली आणि हात हलका असला, तरच दाण्याला काटा फुटतो. मग तो हलवा ओवून हार, बाजूबंद, बिंदी, मंगळसूत्र घडवायचे आणि काळी चंद्रकळा नेसलेल्या नव्या सुनेला त्या दागिन्यांनी मढवायचे. पुरुषाच्या शिफारशीवाचून आणि भटजींच्या मुहूर्तावाचून स्त्रियांनी एकमेकींकडे जाण्याची ही हक्काची वाट होती.

ही वाट कोठवर नेता येईल, हे दोन जाणत्या पुरुषांनी ओळखले. सन १८७८ मध्ये महादेव गोविंद रानडे यांची बदली नाशकास झाली. लोकहितवादी गोपाळराव हरि देशमुख तेव्हा येथेच न्यायाधीश होते. मुलींच्या शिक्षणाकडे गावातल्या बायकांचे मन वळवायचे, तर त्यांना एकत्र आणायचे कसे? व्याख्यानाला कोणी आली नसती. हळदीकुंकवाला नाही कोण म्हणणार? तेव्हा दोन्ही घरच्या स्त्रियांनी आमंत्रणे धाडली. सीता-सावित्रीच्या कथांच्या ओघात शाळेचा विषय निघू लागला. रमाबाई रानडे यांचे पहिले जाहीर भाषण नाशकातच झाले. ते लिहून दिले होते रानड्यांनी. मुलींच्या बक्षीससमारंभात स्त्रियांना हार घालून झाल्यावर साहेब पाहुण्यालाही हार घाला, असे त्यांना सांगण्यात आले, तेव्हा मात्र त्यांनी साफ नाकारले. भाषण नवऱ्याचे होते, नकार त्यांचा स्वतःचा होता. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, त्याच्या मागे हीच नाशकातली उमेदवारी होती, असे मला वाटते.

येथवरची हकिकत आपण अभिमानाने सांगतो. पण त्या आमंत्रणाच्या यादीत कोण नव्हते, हे विचारीत नाही. कुंकू लावायचे ते सवाष्णीला. बाळाजी बाजीराव पेशव्यांच्या मागे गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापुरास राहिल्या. नातू सवाई माधवरावाने दिनचर्या कशी ठेवावी, याचा उपदेश त्यांनी येथून लिहून पाठवला. १७८८ साली त्या वारल्या. पेशव्याला चार गोष्टी सुनवण्याचा अधिकार असलेल्या या बाईला रूढीप्रमाणे शेजारच्या घरी हळदीकुंकवाला बसण्याचा अधिकार नव्हता. १८५६ च्या कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहाची वाट मोकळी केली. १८९६ पासून अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमाने तिच्या हाती पुस्तक दिले. पण शेजारणीच्या आमंत्रणाला कायदा लागू होत नाही. स्वतः रानडे पुनर्विवाहाचे कैवारी. तरी १८७३ मध्ये एकतिसाव्या वर्षी विधुर झाल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. घराची रीत भल्याभल्यांना वाकवते, ती अशी.

हे फार जुने झाले, असे कोणी म्हणेल. माझी आत्या तिशीच्या आत विधवा होऊन माहेरी आली. तिच्या हलव्याला असा काटा येई, की आळीतल्या प्रत्येक नव्या सुनेचे दागिने तिच्याकडूनच करून घेत. हलव्याच्या मंगळसूत्रात काळे मणी ती स्वतः ओवी. मात्र हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी तीन वाजले, की ती आपण होऊन मागल्या खोलीत जाई. तिला कोणी जा म्हणत नसे. म्हणावेच लागत नसे. बाहेर दागिन्यांचे कौतुक चाले ते तिला आत ऐकू येई. माझी आई काही दुष्ट नव्हती. ती तिळगुळाची वाटी आधी नणंदेला नेऊन देई आणि मगच बैठकीत येऊन बसे. तेवढीच तिची धाव होती.

उंबरठा केवळ विधवेपुरताच होता असेही नाही. गावातल्या सगळ्याच जातींच्या बायकांना काही तबकापुढे बोलावले जात नसे. याच गावात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा पुरुषांच्या बरोबरीने दलित स्त्रियाही मंदिराच्या बंद दारांपुढे येऊन बसल्या. मोठ्या दाराची गोष्ट इतिहासात गेली. घरोघरच्या लहान दारांची नोंद कोणी ठेवली नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांच्या बाबतीतल्या अवमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे, असे सरकारने परिपत्रक काढले. ही मोठीच गोष्ट झाली. पण परिपत्रक ग्रामपंचायतीच्या कचेरीत पोहोचते. आमंत्रणाची यादी स्वयंपाकघरात, दोघीतिघींच्या बोलण्यात ठरते. १८७८ साली ज्या शहाण्या माणसांनी हळदीकुंकवातून शाळेची वाट काढली, त्यांना यादीतली ही उणीव भरून काढता आली नाही. ते काम घरच्या गृहिणीचेच आहे आणि त्याला ठराव लागत नाही. येत्या संक्रांतीला यादी कराल, तेव्हा शेजारच्या काकू राहिल्या का, एवढे पाहावे; आणि त्या आल्या, की करंडा पुढे करताना हात थबकू देऊ नये.