लोहखनिज, कोक आणि उद्योगाचा भूगोल : चांदा ते साकची

प्रस्तावना :
टाटा पोलाद कारखान्याचा इतिहास बहुधा साकचीपासून सांगितला जातो. तथापि या संकल्पनेचा आरंभ चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्ह्याशी निगडित आहे. तेथील प्रयत्न का फसला, याचे उत्तर झोतभट्टीच्या कार्यपद्धतीत शोधण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

झोतभट्टीचे कार्य :
झोतभट्टीत वरून लोहखनिज, कोक व चुनखडी टाकतात आणि तळाकडून तापविलेल्या हवेचा झोत सोडतात. कोक जळून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो. चुनखडी वालुकामय अशुद्धीशी संयोग पावून मळी बनते. तळाशी साचणाऱ्या रसात सुमारे ४ टक्के कार्बन असतो. हे कच्चे लोखंड ठिसूळ असल्याने पोलादासाठी त्यातील कार्बन पुढे कमी करावा लागतो. कोक उष्णता व वायू तर पुरवतोच, शिवाय वरील थरांचा भार पेलून वायूला वाटही मोकळी ठेवतो. त्यामुळे सहज चुरा होणारा कोळसा येथे निरुपयोगी ठरतो.

चांद्याचा प्रयत्न :
लोहारा येथील खनिज उत्कृष्ट होते आणि वरोऱ्याचा कोळसाही जवळच होता. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा या भागाविषयीचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. नागपूरच्या एम्प्रेस मिलमुळे हा प्रदेश त्यांच्या परिचयाचा होता. परंतु वरोऱ्याच्या कोळशापासून भट्टीयोग्य कोक होत नव्हता. स्थानिक कारागिरांच्या लहान भट्ट्या लोणारी कोळशावर चालत. मोठ्या झोतभट्टीस तो आधार पुरेसा नव्हता. १९०४ मध्ये दोराबजी टाटा व भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड यांनी चांद्याची पुन्हा पाहणी केली. तीही निष्फळ ठरली. त्याच वर्षी प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजमधील लोहसाठ्यांची माहिती कळविली. गोरुमहिसानीचे खनिज, झरियाचा कोक होणारा कोळसा आणि सुवर्णरेखा-खरकाई नद्यांचे पाणी यांचा मेळ साकचीस बसला. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली, डिसेंबर १९११ मध्ये पहिले कच्चे लोखंड व फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिले पोलाद निघाले. १९०४ मध्येच निधन पावलेल्या जमशेटजींना ते पाहता आले नाही.

निष्कर्ष :
चांद्याच्या अपयशाचे कारण भांडवलाचा वा इच्छाशक्तीचा अभाव हे नव्हे. खनिज होते, कोक नव्हता. म्हणून प्रादेशिक औद्योगिक विकासाचा अभ्यास करताना केवळ खनिजसंपत्तीची मोजदाद पुरेशी नाही. ती संपत्ती वापरणाऱ्या तंत्राच्या गरजाही इतिहासकाराने तपासल्या पाहिजेत.