काचबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा लाल झाला? ‘डोळे आले असतील’ म्हणून थांबू नका

मोतीबिंदूचं ऑपरेशन आपल्याकडे घराघरात माहीत आहे. शिबिराची गाडी येते, आजी जाते, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते आणि काळा चष्मा लावून ती घरी येते. महिन्याभरात विषय संपतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावसारख्या तालुक्यात डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर हेच येतं. त्यामुळे घरातल्या कुणाचं काचबिंदूचं ऑपरेशन झालं, की सगळे तशाच निकालाची वाट बघतात. गडबड इथूनच सुरू होते.

काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब डोळ्याच्या नसेला हळूहळू मारत जातो. मेलेली नस परत जिवंत होत नाही. ऑपरेशनमुळे गेलेली नजर येत नाही, उरलेली वाचते. म्हणजे ऑपरेशननंतर काही बिघडलं आणि उशीर झाला, तर जे जातं ते या उरलेल्यातूनच जातं.

ऑपरेशनमध्ये नेमकं करतात काय?

डोळ्याच्या पुढच्या भागात सतत एक पाणी तयार होत असतं. हे अश्रूंपेक्षा वेगळं असतं. मिनिटाला साधारण 2 ते 2.5 मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाचा जेमतेम विसावा भाग. ते एका बारीक जाळीतून बाहेर जातं. जाळी तुंबली की दाब वाढतो. सर्वसाधारण दाब 10 ते 21 च्या दरम्यान असतो. केसपेपरवर ‘आयओपी’पुढे लिहिलेला आकडा तोच.

ट्रॅबेक्युलेक्टॉमी नावाच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टर डोळ्याच्या पांढऱ्या भागात, वरच्या पापणीखाली, पाण्याला नवी वाट करून देतात. ही पद्धत 1968 पासून वापरात आहे. पाणी त्या वाटेने येऊन वरच्या पातळ पडद्याखाली साठतं आणि हळूहळू मुरतं. तिथे छोटा फुगवटा तयार होतो, त्याला ब्लेब म्हणतात.

गंमत अशी की बाकी सगळ्या ऑपरेशनमध्ये जखम भरावी म्हणून धडपड असते, आणि इथे ती पूर्ण भरू नये म्हणून. शरीराला हे कुठे माहीत? ते आपलं काम करतं आणि वाट बुजवायला लागतं. म्हणून ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन हे मुळात कॅन्सरवरचं औषध काही मिनिटं तिथे लावतात, आणि नंतर अनेक आठवडे स्टेरॉईडचे थेंब चालतात. पुढच्या बहुतेक गुंतागुंती या एकाच ओढाताणीतून येतात: वाट जास्त उघडी राहिली, किंवा बंद पडली.

पाणी जास्त वाहिलं तर

पहिल्या काही दिवसांत दाब फार खाली जाऊ शकतो, पाच-सहाच्याही खाली. नजर धुरकट होते. डोळ्याच्या पुढचा कप्पा सपाट होतो, कधी आतल्या थराखाली पाणी साठतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण पुष्कळदा हे थेंबांनी आणि वाट बघून सुटतं. काही वेळा विशेष कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात, गळती थांबत नसेल तर पुन्हा टाका घालावा लागतो.

या काळात जोर लावणं टाळायचं. पाण्याची कळशी, खताचं पोतं, कापसाचं गाठोडं उचलायचं नाही. खाली वाकून निंदण नाही. बद्धकोष्ठता असेल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगायचं, कारण कुंथण्याचा जोरही धरला जातो. कमी दाबाच्या डोळ्यात अशा जोराने आत रक्तस्राव होऊ शकतो. तो क्वचित होतो, पण झाला तर अचानक असह्य दुखतं आणि नजर जाते. अशा वेळी सकाळच्या एसटीची वाट बघायची नसते.

वाट बुजायला लागली तर

हा प्रकार जास्त फसवा, कारण दुखत नाही. डोळा छान पांढरा दिसतो, पेशंट खूश असतो आणि आत दाब वाढत असतो. पहिल्या एक-दोन महिन्यांत डॉक्टर पुन्हा पुन्हा बोलावतात ते यासाठीच. ऑपरेशनचे टाके लेझरने कापून किंवा सोडवून वाट मोकळी करता येते, पण ही सोय पहिल्या काही आठवड्यांतच नीट चालते. नंतर जखमेचा वण घट्ट झाला की सुईने तो सोडवावा लागतो, त्यालाही मर्यादा आहे.

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या चुकलेल्या तारखांमुळे होतं. आणि त्या का चुकतात हे समजण्यासारखं आहे. ऑपरेशन नागपूरला झालं असेल तर यवतमाळहूनच दीडशे किलोमीटर, सोबत एक माणूस, त्याची मजुरी बुडणार, त्यात कापूस वेचणीचे दिवस. त्यामुळे ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या: पहिल्या दोन महिन्यांत किती वेळा यावं लागेल? त्यातली एखादी तपासणी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा जवळ पडत असेल तर सेवाग्राम-सावंगीला करून आकडा फोनवर कळवला तर चालेल का? योजनेतून ऑपरेशन असेल तर नंतरच्या तपासण्यांचा खर्च त्यात धरलाय का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. वेचणी तोंडावर असेल आणि डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणत असतील, तर तारीखही त्या हिशोबाने मागा.

आता मुख्य गोष्ट: लाल डोळा

2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ होती, आठवत असेल. घरोघरी लाल डोळे, मेडिकलमधून एक बाटली आणायची, सगळ्यांनी तीच वापरायची. ज्याच्या डोळ्यात ब्लेब आहे त्याच्यासाठी हे अत्यंत धोक्याचं आहे.

ब्लेबवरचा पडदा वर्षानुवर्षं पातळ होत जाऊ शकतो. तिथून जंतू शिरले तर ते थेट डोळ्याच्या आत पोहोचू शकतात, आणि मग काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत नजर संपू शकते. जपानमध्ये हजाराहून जास्त डोळ्यांवर झालेल्या अभ्यासात पाच वर्षांत शंभरातल्या साधारण दोन डोळ्यांना ब्लेबचा संसर्ग झाला. आकडा छोटा आहे, पण ब्लेब आहे तोवर धोका राहतो. ऑपरेशनला दहा वर्षं झाली म्हणून सुटका नाही.

म्हणून लाली, दुखणं, उजेड सहन न होणं, घाण किंवा पू येणं, नजर कमी होणं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. डोळ्यातून अचानक जास्त पाणी यायला लागलं तरी दाखवा, ब्लेब गळत असू शकतो आणि गळक्या ब्लेबला संसर्ग लवकर होतो. बाभुळगावच्या ग्रामीण रुग्णालयात गेलात तर पहिलं वाक्य हे बोला: “या डोळ्याचं काचबिंदूचं ऑपरेशन झालंय.” ते न सांगितल्यास समोरचा साधे डोळे आलेत असं समजू शकतो. घरी उरलेली स्टेरॉईडची बाटली तर अजिबात उघडू नका. लाली कमी दिसेल आणि आत संसर्ग वाढत राहील.

मध, गुलाबपाणी, काजळ, तुळशीचा रस यांचंही तेच. फवारणीच्या दिवसांत तर जास्त जपायला हवं. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने हा जिल्हा देशभर बातम्यांत होता. ब्लेब असलेल्या माणसाने फवारणी न केलेलीच बरी. कापसाच्या धुळीत जायचंच असेल तर बाजूनेही झाकणारा चष्मा हवा. आणि डोळा चोळायचा नाही, कधीच.

थेंबांचा घोळ

ऑपरेशन झालेल्या डोळ्यातले काचबिंदूचे जुने थेंब बहुतेक वेळा बंद करतात, दुसऱ्या डोळ्यातले चालू ठेवतात. घरी येईपर्यंत हे उलटं होतं किंवा दोन्हीकडचे बंद होतात. कार्डावर ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा, ‘ओएस’ म्हणजे डावा. बाटल्यांवर मार्करने मराठीत लिहून ठेवा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोन-तीन मोबाईलमध्ये ठेवा, रात्री अपरात्री तोच उपयोगी पडतो.

नळी बसवली असेल तर

काहींना ट्रॅबेक्युलेक्टॉमीऐवजी बारीक नळी बसवतात. मदुराईच्या ऑरोलॅबची ‘आडी’ नळी स्वस्त असल्यामुळे भारतात बरीच वापरली जाते. तिला झडप नसते, म्हणून सुरुवातीला ती विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधलेली असते. दोरा साधारण पाच-सहा आठवड्यांनी सुटतो. तोवर दाब चढाच राहू शकतो आणि थेंब चालू ठेवावे लागतात. ऑपरेशन फसलं असं समजू नका. सुटल्यावर मात्र दाब एकदम पडू शकतो, म्हणून त्या आठवड्यातली तारीख चुकवायची नाही. पुढे कधी पडद्यातून नळी उघडी पडली किंवा एकाचे दोन दिसायला लागले तर लगेच दाखवायचं.

नळी बरी की ट्रॅबेक्युलेक्टॉमी? अमेरिका आणि ब्रिटनमधल्या 17 केंद्रांवर, आधी ऑपरेशन झालेल्या 212 डोळ्यांवर याचा अभ्यास झाला. पाच वर्षांत ट्रॅबेक्युलेक्टॉमी शंभरातल्या 47 डोळ्यांत अपयशी ठरली, नळी 30 मध्ये. पहिल्यांदाच ऑपरेशन होणाऱ्या डोळ्याला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण दोन्हींनंतर दाब आयुष्यभर तपासत राहावा लागतो. मोतीबिंदूही लवकर वाढू शकतो, आणि तो काढायची वेळ आली की शिबिरात नाव देण्याआधी काचबिंदूच्या डॉक्टरांना विचारायचं, कारण त्या ऑपरेशननेही चालू ब्लेब बंद पडू शकतो.