आधी माप, मग औषध : एका रक्ततपासणीचा इतिहास

वसंत व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की श्रोते राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा करतात. आमचा आजचा इतिहास काचेच्या नळीतल्या चमचाभर रक्ताचा आहे. आम्ही वैद्य नव्हे. कामगार संघटनेचे काम करता करता वाचनालयातील पुस्तकांवर जे शिकलो, तेवढीच आमची विद्या. पण ज्याचा माल त्याने तो तोलून घ्यावा, हा संघटनेचा पहिला धडा आहे, आणि आजचा विषय त्या धड्याच्या बाहेरचा नाही.

चाळिशी-पन्नाशीचा श्रमिक थकू लागतो. पूर्वीइतके ओझे उचलत नाही, रात्री झोप लागत नाही, संसारसुखाची इच्छा मंदावते. हे तो कोणाला सांगत नाही. भिंतीवरची जाहिरात मात्र त्याच्याशी नेमके याच विषयावर बोलते. अलीकडे या जुन्या जाहिरातीच्या जोडीला एक नवे नाव आले आहे, टेस्टोस्टेरॉन. हे पुरुषाच्या वृषणात तयार होणारे अंतःस्रावी द्रव्य, म्हणजेच हार्मोन होय. ज्याच्या शरीरात ते खरोखर कमी पडते, त्याला ते बाहेरून देणे हा मान्यताप्राप्त उपचार आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच, की ते कमी आहे हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

वृषणाचा आणि अंगातील जोराचा संबंध शेतकऱ्याला शास्त्रज्ञाच्या कितीतरी आधी ठाऊक होता. गोऱ्हा बडवला की त्याचा माज जातो आणि तो औताला निमूट चालतो, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. या व्यवहारज्ञानाला प्रयोगाचे रूप दिले ते जर्मनीतील गटिंगेन येथील आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी, १८४९ साली. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा झडतो, आरव थांबतो. बर्टहोल्ड यांनी अशा कोंबड्याच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, तेव्हा तुरा परत वाढला. जुन्या मज्जातंतूंशी त्या वृषणाचा संबंध उरला नव्हता. अर्थात जे काही तुऱ्यापर्यंत पोहोचले, ते रक्तातून पोहोचले. आपल्या विषयाचा उगम येथे आहे.

त्यानंतर मात्र सुमारे ऐंशी वर्षे उत्साहाची गेली, मापाची नव्हे. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या विख्यात शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या व गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपल्याला तारुण्य परत आल्याचे विद्वानांच्या सभेत जाहीर केले. लगेच जगभर अर्कांचा व्यापार सुरू झाला. २००२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याच कृतीने अर्क बनवून मोजला, तेव्हा त्यात हे द्रव्य परिणाम घडवण्याइतके नव्हतेच, असे आढळले. ब्राउन-सेकार खोटे बोलत नव्हते. त्यांना बरे वाटले होते. परंतु बरे वाटणे वेगळे आणि औषध लागू पडणे वेगळे, हा भेद मापाशिवाय कळत नाही. पुढे १९२० पासून सर्ज व्होरोनॉफ यांनी श्रीमंतांच्या अंगात माकडाच्या ग्रंथींचे तुकडे बसवले. तीही लाट आली आणि ओसरली.

खरे द्रव्य हाती आले ते रसायनशास्त्राच्या कष्टाने. १९२७ साली शिकागोच्या विद्यापीठात कॉख व मॅकगी यांनी ४० पौंड बैलवृषणांतून अवघा २० मिलिग्रॅम अर्क काढला. एवढा कच्चा माल त्यांना मिळू शकला, कारण शिकागोचे प्रचंड कत्तलखाने शेजारीच होते. १९३१ साली जर्मनीत बुटेनान्ट यांनी पोलीस बराकीतून गोळा केलेल्या सुमारे १५,००० लिटर मूत्रातून १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन वेगळे केले. अखेर १९३५ साली ॲमस्टरडॅमच्या लाकर यांच्या प्रयोगशाळेत बैलाच्या वृषणांतून शुद्ध द्रव्य मिळाले, त्याचे टेस्टोस्टेरॉन असे बारसे झाले, आणि त्याच वर्षी बुटेनान्ट व रुझिच्का यांनी स्वतंत्रपणे ते कृत्रिम रीतीने तयार केले. १९३९ चे नोबेल पारितोषिक या दोघांत वाटले गेले. १९४५ साली पॉल द क्रुईफ या लोकप्रिय लेखकाने या औषधाची महती गाणारे पुस्तकही लिहिले.

येथे श्रोत्यांनी क्षणभर थांबावे. १९३५ साली औषध तयार झाले, पण रुग्णाच्या रक्तात ते मुळात किती आहे हे मोजण्याची सोपी रीत तेव्हा नव्हती. औषधाची ताकद कोंबड्याचा तुरा किती वाढला यावरून जोखत! माणसाच्या रक्तात हे द्रव्य ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत, म्हणजे नॅनोग्रॅममध्ये मोजावे लागते. ते माप शक्य केले न्यूयॉर्कमधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी. १९५९-६० च्या सुमारास त्यांनी किरणोत्सर्गी खुणेच्या साह्याने रक्तातील इन्शुलिन मोजून दाखवले. हीच रीत १९७० च्या सुमारास टेस्टोस्टेरॉनला लागू झाली. यॅलो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. बर्सन तोवर वारले होते. औषध आणि माप यांच्यामध्ये अशी पस्तीस वर्षे गेली.

त्याच १९७७ च्या पारितोषिकात गिलमँ आणि शॅली यांचाही वाटा होता. मेंदू व त्याखालची पिट्युटरी ग्रंथी हुकूम कसा सोडतात, हे त्यांच्या संशोधनातून उलगडले. आमच्या भाषेत सांगायचे तर पिट्युटरी हा मुकादम आणि वृषण हा मजूर. मुकादमाची हाक म्हणजे एलएच व एफएसएच ही दोन द्रव्ये. मजूर आजारी असेल तर मुकादम जोराने ओरडतो, म्हणजे रक्तात एलएच वाढलेले दिसते. मुकादमच आजारी असेल तर मजूर धडधाकट असूनही काम बंद, आणि एलएच कमी किंवा जेमतेम दिसते. पहिल्या प्रकारात दोष वृषणात, दुसऱ्यात डोक्यात. त्या वेळी प्रोलॅक्टिन तपासून पिट्युटरीत गाठ तर नाही ना, हे पाहावे लागते.

आता इंजेक्शन आधी घेतले तर काय होते? बाहेरून माल येताच मुकादम गप्प बसतो आणि मजूरही बसून राहतो. मग रक्त तपासले तर एलएच खाली, आणि मूळ दोष कोठे होता याचा मागमूस नाही. नंदुरबारच्या मिरचीचा व्यवहार जाणणाऱ्यांना हे फोड करून सांगावे लागू नये. ओली मिरची पथारीवर पसरण्यापूर्वी तोलावी लागते. एकदा ती वाळली की ओली किती होती हे कोणी शपथ घेऊनही सांगू शकत नाही. ‘आधी’ या शब्दाचे महत्त्व ते हेच. नंतरची तपासणी म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

मजूर बसून राहतो याचा आणखी एक अर्थ तरुणांनी ध्यानात घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली सात देशांतील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २७१ पुरुषांना टेस्टोस्टेरॉनचे साप्ताहिक इंजेक्शन देण्यात आले, ते संततिनियमनाचे साधन म्हणून! त्यांपैकी १५७ जणांच्या वीर्यात शुक्रजंतू उरले नाहीत. ज्याला लोक ‘मर्दानगीचे औषध’ म्हणतात, त्याचा हा गुण आहे. बंद केल्यावर बहुतेकांत शुक्रजंतू परत येतात, पण त्याला महिने लागतात. म्हणून ज्याला मूल हवे आहे, त्याने हे औषध सुरू करण्याआधीच डॉक्टरांना तसे सांगणे अगत्याचे आहे.

दुसरी तपासणी रक्ताच्या दाटपणाची. टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढतात. रक्तात त्यांचा वाटा शेकडा किती, याला हिमॅटोक्रिट म्हणतात. त्यासाठी मॅक्सवेल विंट्रोब यांनी १९२९ साली खुणा असलेली साधी नळी प्रचारात आणली. अंतःस्रावतज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेचा २०१८ चा दंडक असा, की हा आकडा ४८ टक्क्यांच्या वर असेल तर उपचार सुरू करू नये, आणि उपचारात तो ५४ च्या वर गेला तर थांबवावे. दाट रक्त गुठळीला वाव देते.

तिसरी तपासणी प्रोस्टेट ग्रंथीची. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले की या ग्रंथीचा कर्करोग पुरुषी हार्मोन काढून घेतल्यास मंदावतो. त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. टेस्टोस्टेरॉनमुळे नवा कर्करोग उद्भवतो असे सिद्ध झालेले नाही, तथापि लपून बसलेल्या रोगाला खतपाणी घालू नये हे शहाणपण उरतेच. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाची पीएसए ही रक्ततपासणी आधी करून घेतात. हा पदार्थ १९७९ साली अमेरिकेतील बफेलो येथे शुद्ध रूपात वेगळा करण्यात आला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात रक्ततपासणी ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही, आणि त्याचे कारण सिकलसेल. या आनुवंशिक विकारात तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. १९१० साली शिकागोच्या हेरिक यांनी त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे सिद्ध केले. भारतात हा दोष १९५२ साली उजेडात आला, तो निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत. म्हणजे श्रमिकांच्याच रक्तात. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांतही तो आहे. २००८-०९ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने आदिवासी जिल्ह्यांत सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला, त्यात नंदुरबार होता. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांतून बोटाच्या थेंबावर विद्राव्यता चाचणी आणि नंतर पक्क्या निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिस, अशी दोन पायऱ्यांची रीत लोकांच्या परिचयाची झाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे या रोगाच्या उच्चाटनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला.

या दोन इतिहासांचा सांधा येथे जुळतो. आपल्याकडचा थकलेला माणूस टेस्टोस्टेरॉनअभावी थकला असेल असे नाही. त्याच्या अंगात रक्तच कमी असेल, किंवा तो सिकलसेलचा रुग्ण असेल. या रुग्णांत मुलगा उशिरा वयात येतो आणि टेस्टोस्टेरॉनही कमी पडू शकते. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या पिट्युटरीत लोह साचून मुकादमच निकामी होऊ शकतो. म्हणून लोहाचीही तपासणी लागते. ज्याच्या पेशी आधीच वाकून रक्तवाहिन्यांत अडतात, त्याचे रक्त आणखी दाट करणे ही तज्ज्ञाच्या नजरेखालीही जपून करण्याची गोष्ट आहे. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या माणसाला एखाद्याने न तपासता ‘ताकदीची सुई’ टोचली, तर त्याच्या घामावर आणि जिवावर एकाच वेळी डल्ला मारल्यासारखे होईल.

टेस्टोस्टेरॉनचे मापही कसे घ्यावे याचे नियम आहेत. सकाळी, उपाशीपोटी, आणि निरनिराळ्या दोन दिवशी. कारण हे द्रव्य झोपेबरोबर चढते आणि दिवसभर उतरते. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली एका डेसिलिटरला ३०० नॅनोग्रॅम ही खालची मर्यादा धरली, पण आकड्याबरोबर लक्षणेही हवीत असे बजावले. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराची ‘सकाळ’ ही खरी सकाळ नव्हे. त्याने आपली पाळी डॉक्टरांना सांगावी. तापाने किंवा मोठ्या दुखण्याने पडलेल्या माणसाचा आकडा तात्पुरता उतरतो. तेव्हा तो धरू नये.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९५४ चा औषधे व जादुई उपाय यांविषयीचा कायदा कामशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला बंदी करतो. टेस्टोस्टेरॉन डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली सांगितले, की केवळ वय झाले म्हणून हे औषध देण्याची उपयुक्तता व सुरक्षितता सिद्ध नाही. २०२३ साली पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील एका चाचणीत, ज्यांचे टेस्टोस्टेरॉन मोजून कमी ठरले होते त्यांच्यात, हृदयविकाराचे मोठे झटके औषधाने वाढले नाहीत असे दिसले, मात्र हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसातील गुठळ्या औषध घेणाऱ्यांत अधिक आढळल्या. म्हणजे मोजून दिले तरी लक्ष ठेवावे लागते. न मोजता देणाऱ्याला काय म्हणावे, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

मित्रहो, पगाराची पावती मागायला कामगाराला पूर्वी भीड वाटे. आता ती भीड गेली आहे. रक्ताच्या कागदाबाबतही ती जावी. सकाळचे टेस्टोस्टेरॉन दोनदा, एलएच व एफएसएच, हिमोग्लोबिन व हिमॅटोक्रिट, वय झाले असेल तर पीएसए, आणि आपल्या जिल्ह्यात सिकलसेल. एवढे कागद हाती आल्यावाचून सुईसाठी दंड पुढे करू नये. यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. चांगला डॉक्टर हे आपण होऊनच मागतो. आणि जो मागत नाही, त्याला शांतपणे विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, आधी रक्त तपासायचे ना?’ या एका प्रश्नामागे बर्टहोल्डच्या कोंबड्यापासून धडगावच्या पाड्यापर्यंतचा सारा इतिहास उभा आहे.